हजेरीपटावरचे नाव

(मंडळाच्या वर्धापनदिनी कोंडाणे येथे केलेले भाषण)



 चिटणीसबाईंनी निरोप धाडला तेव्हा "आरोग्यावर काहीतरी बोला" असे सांगितले होते. मी काही डॉक्टरीण नव्हे. कोणत्या दुखण्यावर कोणती गोळी घ्यावी हे मी सांगू लागले तर आपलाच जीव धोक्यात यावयाचा! माझा सारा जन्म कारखान्याच्या टाइम ऑफिसात गेला. कोण किती वाजता आले, कोण रजेवर आहे, कोणाची रजा संपून बिनपगारी लागली, एवढेच मला कळते. तेव्हा त्या हजेरीपटाच्या खिडकीतून मला आजारपण जसे दिसले, तसेच मी आपणापुढे मांडणार आहे. माणूस मोठ्या आजाराने पडला म्हणजे त्याच्या कामाचे काय होते, आणि काय व्हावयास हवे, हा माझा आजचा विषय.

आपण म्हणाल, हे शेठ लोकांच्या सभेत जाऊन सांगा, आम्हां बायकांपुढे कशाला? पण भगिनींनो, गेल्या वर्षापासून आपल्या मंडळाचे मसाला केंद्र सुरू झाले आहे. तेथे अकरा बायका रोजावर येतात. त्यांचा रोज आपण ठरवतो, त्यांची हजेरी आपण मांडतो, आणि "उद्यापासून येऊ नको" असे म्हणण्याचा अधिकारही आपल्याच हाती आहे. म्हणजे आपण मालक झालो. मालक म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे मोटारीतून उतरणारा माणूस येतो. पण डोक्यावर पदर घेतलेली आणि वहीत आकडे मांडणारी बाईही मालकच असते. म्हणून हा विषय मी मुद्दाम येथे काढला आहे.

प्रथम माझीच चूक सांगते. म्हणजे मी उपदेश करावयास उभी राहिले आहे असे कोणास वाटणार नाही.

साल १९९१. मी तेव्हा कर्जतहून खोपोलीच्या गाडीने कामाला जात असे. पळसदरी, केळवली, डोलवली, लौजी ही स्टेशने येत जात, आणि आमच्या डब्यातला बायकांचा कोपरा ठरलेला असे. कोणी भाजी निवडी, कोणी लोकरीचे विणकाम करी. आमच्या कारखान्याच्या पॅकिंग खात्यात पंचवीस-तीस बायका होत्या. त्यांतली एक बाई दोन महिने खोकत होती. कामाला चलाख, कधी खाडा नाही, उशिराची तांबडी खूण तिच्या नावापुढे क्वचितच पडे. एके दिवशी तिने डॉक्टरांची चिठ्ठी माझ्या टेबलावर ठेवली. क्षय होता. ती हळूच म्हणाली, "बाई, फोरमनसाहेबांना दाखवा, पण दुसऱ्या कुणाला कळू देऊ नका." मी मान हलवली.

त्याच संध्याकाळी गाडीत माझ्या शेजारी बसणाऱ्या मैत्रिणीच्या कानात मी ते सांगितले. वाईट हेतू नव्हता. "तू तिच्याजवळ बसून डबा खातेस, जरा जपून राहा," एवढेच माझे शब्द. मला तर वाटले मी मैत्रिणीचे भलेच केले. पण कर्जत येईपर्यंत सारा कोपरा ते कुजबुजू लागला होता.

ती बाई दवाखान्यातून औषध घेत होती. काही आठवडे रजेवर राहिली आणि मग डॉक्टरांचे "कामावर येण्यास योग्य" असे पत्र घेऊन परत आली. मी तिचे नाव पुन्हा हजेरीपटावर मांडले. पण ती डबा उघडून बसली की बाकीच्या एकेक करून उठत. पाण्याच्या माठापाशी तिचा पेला निराळा ठेवला गेला आणि चुकून दुसरीने उचलू नये म्हणून त्याला सुतळी बांधली. गाडीतल्या कोपऱ्यात तिच्यासाठी जागा उरेना. ती दाराशी उभी राहू लागली. कोणी तिला वावगे बोलले नाही. कंपनीनेही तिला काढले नाही. आमचा फोरमन उलट भला माणूस होता. तिसऱ्या आठवड्यात तिने राजीनाम्याचा कागद आणून दिला. कारण लिहिले होते, "घरगुती अडचण". मी तो कागद फाइलला लावला, आणि हजेरीपटावरच्या तिच्या नावावर तांबड्या शाईची रेघ ओढली. त्या दिवशी मला एवढेच वाटले की एक काम उरकले. आपण काय केले हे कळावयास मला पुष्कळ वर्षे लागली.

आता क्षयाविषयी जे साऱ्यांना ठाऊक असावयास हवे होते ते पाहा. फुप्फुसाचा क्षय हवेतून पसरतो, रोगी खोकला किंवा शिंकला म्हणजे. ताट, वाटी, पेला यांतून तो पसरत नाही. म्हणजे ती सुतळी बांधण्यात काही शहाणपण नव्हते. गाठींचा किंवा हाडांचा क्षय तर सहसा दुसऱ्याला लागतच नाही. औषध लागू पडले की साधारणतः दोन-तीन आठवड्यांत रोग्याकडून दुसऱ्याला लागण होण्याचे भय पुष्कळच कमी होते. औषध मात्र निदान सहा महिने न चुकता घ्यावे लागते. ते अर्धवट सोडले तर औषधाला न जुमानणारा क्षय उद्भवतो, आणि तो सर्वांनाच महाग पडतो. सरकारी दवाखान्यात हे औषध फुकट मिळते. शिवाय सकस अन्नासाठी निक्षय पोषण योजनेतून २०१८ पासून दरमहा ५०० रुपये मिळू लागले, आणि नोव्हेंबर २०२४ पासून ती रक्कम १,००० रुपये झाली.

यातून एक गोष्ट आपल्या ध्यानात येईल. पहिले काही आठवडे त्या बाईने घरी राहणे तिच्या आणि साऱ्यांच्या हिताचे होते. त्यानंतर तिने कामावर येणे हेही साऱ्यांच्या हिताचेच होते, कारण हाती पगार असलेला माणूस पोटभर जेवतो आणि औषध पुरे करतो. आणि ज्याला कळून चुकते की रोग उघड झाला तर नोकरी जाईल, तो रोग लपवतो. तो खोकला दाबीत कामावर येत राहतो. तेव्हा आजाऱ्याला धाक घालणारी जागा उलट अधिक धोक्याची होते. कुष्ठरोगाचेही असेच. उपचार सुरू झाल्यावर थोड्याच काळात त्याची लागण होण्याचे थांबते; पण १८९८ सालचा कुष्ठरोग्यांना वेगळे ठेवण्याचा कायदा पुस्तकातून जावयास २०१६ साल उजाडले. पुस्तकातून गेला, मनातून केव्हा जाईल ते पाहावयाचे!

आजारी कामगाराला वाऱ्यावर सोडू नये, हा विचार आपल्याकडे काल-परवाचा नाही, आणि परक्यांनी शिकवलेलाही नाही. १८८४ साली मुंबईत नारायण मेघाजी लोखंडे यांनी गिरणी कामगारांची सभा भरवली. लोखंडे हे महात्मा फुल्यांचे सहकारी. त्यांनी स्वतः गिरणीत नोकरी केली होती, त्यामुळे कामगारांची दुःखे त्यांनी पाहिलेली होती. त्या वेळच्या अर्जावर सुमारे साडेपाच हजार कामगारांच्या सह्या होत्या. आठवड्याची रविवारची सुट्टी, दुपारी अर्धा तास विसावा, पगार वेळेवर, अशा मागण्या त्यात होत्या. आणि त्यातच अशी एक मागणी होती की, कामावर असताना ज्याला मोठी इजा होईल त्याला बरा होईतो पुरा पगार मिळावा, आणि जो जन्माचा अधू होईल त्याच्या पोटाची तरतूद व्हावी. रविवारची सुट्टी १८९० साली मिळाली. दुसऱ्या मागणीला मात्र पुष्कळ थांबावे लागले. लोखंडे १८९७ सालच्या प्लेगात लोकांची सेवा करीत असता प्लेगानेच गेले. त्याच प्लेगात, त्याच साली, रोग्यांची शुश्रूषा करता करता सावित्रीबाई फुलेही गेल्या. आजारी माणसापासून दूर पळावयाचे की त्याच्याजवळ जावयाचे, याचा धडा आपल्याला या दोघांनी जिवाचे मोल देऊन घालून दिला आहे.

पुढे १९४४ साली प्रा. बी. पी. आडारकर यांनी कामगारांच्या आरोग्य विम्याचा आराखडा सरकारला दिला, त्यावरून १९४८ साली कर्मचारी राज्य विमा कायदा झाला, आणि २४ फेब्रुवारी १९५२ रोजी कानपूरला पंडित नेहरूंच्या हस्ते योजना सुरू झाली. कामगाराने थोडे द्यावयाचे, मालकाने अधिक द्यावयाचे, आणि आजारपणात दोघांनाही आधार मिळावयाचा, असे हे साधे गणित आहे. जुलै २०१९ मध्ये जे दर ठरले त्याप्रमाणे कामगाराच्या पगारातून शेकडा पाऊण रुपया आणि मालकाकडून शेकडा सव्वातीन रुपये जातात. पगाराची मर्यादा २०१७ साली महिना २१,००० रुपये ठरली. साध्या आजारात वर्षातून ९१ दिवसांपर्यंत पगाराच्या शेकडा ७० इतकी रक्कम मिळण्याची त्यात सोय आहे. क्षय, कुष्ठरोग, कर्करोग अशा लांब चालणाऱ्या आजारांची ३४ नावांची एक यादी आहे. पुरेशी नोकरी झालेल्या कामगाराला त्या आजारांत शेकडा ८० प्रमाणे दोन वर्षांपर्यंत भत्ता मिळू शकतो. आणि १९४८ च्या त्या कायद्यात ७३ वे कलम असे घातले होते की, कामगार आजारपणाचा भत्ता घेत असताना मालकाने त्याला काढू नये वा शिक्षा करू नये. आता हे सारे २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेत आणले गेले आहे. घरातले कोणी कारखान्यात कामाला असेल तर त्याचा विमा क्रमांक आहे की नाही, हे आज घरी गेल्यावर जरूर विचारा. आजार आल्यावर कागद शोधू नयेत, ते आधीच डब्यात असावेत.

आता आणखी एका माणसाची हकीकत सांगते. तत्पूर्वी आपल्या गावच्या लेण्यांची आठवण करून देते. राजमाचीच्या वाटेवरचे आपले कोंडाण्याचे लेणे आपण लहानपणापासून पाहिलेले आहे. दर्शनी भागात एका भंगलेल्या मूर्तीपाशी ब्राह्मी अक्षरे कोरलेली आहेत. जाणते लोक ती वाचून सांगतात की, कण्हाचा शिष्य बलक याने हे केले. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी एका काम करणाऱ्या माणसाने आपल्या कामावर आपले नाव कोरले, आणि ते अजून तेथे आहे. माणसाला आपल्या कामाचा केवढा अभिमान असतो!

आणि आता दुसऱ्या माणसाचे पाहा. मुंबईत एका सार्वजनिक महामंडळात तो हंगामी मजूर होता. काम चांगले करी. कायम करण्याची वेळ आली तेव्हा रक्त तपासले आणि एच.आय.व्ही.ची लागण निघाली. अंगात ताकद होती, काम करता येत होते, तरी त्याचे काम गेले. त्याने मुंबई उच्च न्यायालयात दाद मागितली. पण खरे नाव घालून दाद मागावी तर शेजारपाजार, नातलग, सारेच तुटतील. म्हणून न्यायालयाने त्याला नाव झाकून लढण्याची परवानगी दिली. निकालाच्या कागदावर त्याचे नाव आहे "एमएक्स", आणि महामंडळाचे नाव "झेडवाय". एकाचे नाव दोन हजार वर्षे दगडावर राहिले, आणि एकाला काम परत मिळावे म्हणून आपले नाव लपवावे लागले.

१९९७ साली निकाल लागला आणि तो त्याच्या बाजूने लागला. न्यायालयाने सांगितले की, नुसती लागण आहे म्हणून काम नाकारणे हे मनमानीचे आहे आणि घटनेला सोडून आहे. पाहावयाचे ते दोनच प्रश्न: हा माणूस आपले काम करू शकतो काय? आणि ते करताना दुसऱ्याला खरोखरीचा धोका आहे काय? त्याचे नाव पुन्हा यादीत घालावे आणि बुडालेल्या मिळकतीपोटी ४०,००० रुपये द्यावेत, असा हुकूम झाला. पुढे २०१७ साली संसदेने यासाठी वेगळा कायदाच केला आणि तो १० सप्टेंबर २०१८ पासून लागू झाला. नोकरीसाठी ही तपासणी सक्तीची करता येत नाही, आणि माणसाच्या संमतीवाचून ती गोष्ट दुसऱ्याला सांगता येत नाही, असे त्यात आहे.

हे दोन प्रश्न भगिनींनो, पदराला गाठ मारून ठेवा. "तुला काय झाले आहे?" हा आपला प्रश्न नव्हे, तो डॉक्टरांचा. आपला प्रश्न असा, "तुला कोणते काम जमेल, कोणते जमणार नाही, आणि किती दिवस?" कधीकधी उत्तर "जमणार नाही" असेही येते, आणि ते मान्य केले पाहिजे. ज्याला फिट येतात आणि त्या अजून आटोक्यात नाहीत त्याच्या हाती मोटार देता येत नाही. ज्याला विषमज्वर आहे त्याने बरा होईपर्यंत स्वयंपाकघरात काम करू नये. पण तेथेही "मोटार चालवू नको" आणि "घरी बस" यांत अंतर आहे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने सरकारी नोकरीत हे अंतर लिहूनच ठेवले आहे. नोकरीत असताना अपंगत्व आले तर त्या माणसाला काढावयाचे नाही. तेवढ्याच पगाराच्या दुसऱ्या जागी न्यावयाचे, आणि तशी जागा नसेल तर जादा जागा निर्माण करून ठेवावयाचे.

मनाचे आजारही याच पंक्तीला बसवा. आपल्याच कर्जत तालुक्यात डॉ. भरत वाटवानी यांची श्रद्धा पुनर्वसन संस्था आहे. रस्त्यावर भटकणाऱ्या मनोरुग्णांना तेथे आणून, बरे करून, घरी पोहोचवतात. डॉक्टरांना २०१८ साली मॅगसेसे पुरस्कार मिळाला, तेव्हा आपल्या तालुक्याचे नाव साऱ्या जगात गेले. पण घरी पोहोचलेल्या माणसाला पुढे काय हवे असते? गोळ्या हव्यात, आणि सकाळी उठून जावयाला एक काम हवे. ते त्याला शेजाऱ्यांनीच द्यावयाचे आहे.

हे सारे बोलावयास सोपे आहे, करावयास तितके सोपे नाही, हेही मी पाहिले आहे. २००६ साली आमच्याच कारखान्यातल्या एका फिटरला कर्करोग निघाला. उपचार परळच्या टाटा रुग्णालयात. पहाटेच्या गाडीने दादर गाठावयाचे, तेथून परळ, रांग, इंजेक्शन, आणि रात्री परत. साधारण तीन आठवड्यांनी एक फेरी, आणि फेरीनंतर आठ-दहा दिवस अंगात त्राण नसे. या वेळी त्याची चिठ्ठी माझ्या टेबलावर आली तेव्हा मी ती पाकिटात घालून, पाकीट बंद करून साहेबांच्या हाती दिली. गाडीत मैत्रिणीने विचारले, "त्याला काय झालंय गं?" मी म्हटले, "रजेवर आहे." तिला राग आला. येऊ दे म्हटले.

साहेबांनी त्याला बोलावून विचारले, "तुझ्या खात्यातल्या लोकांना काय सांगू?" तो म्हणाला, "मीच सांगतो." हे मला फार आवडले, सांगावयाचे की नाही, आणि कोणी सांगावयाचे, हे ज्याचे त्याने ठरवले. मग त्याला मशीनवरून काढून स्टोअरमध्ये बसते काम दिले. नट-बोल्ट मोजून द्यावयाचे, वहीत मांडावयाचे.

दोन महिने सारे ठीक चालले. मग कुरबुर सुरू झाली. त्याच्या जागेचे काम दुसऱ्या दोघा फिटरांवर पडले होते. त्यांतला एक माझ्या खिडकीशी येऊन म्हणाला, "बाई, त्याचं दुखणं खरं आहे, पण माझी पाठ पण खरी आहे." त्याला दुष्ट म्हणणे सोपे होते. पण तो खोटे बोलत नव्हता. एकाच्या आजाराचा भार नेहमी त्याच दोघांच्या पाठीवर टाकला तर त्या दोघांच्या मनातली दया फार दिवस टिकत नाही. साहेबांनी ते ओळखले. त्यांनी पाच फिटरांत आठवड्याच्या पाळ्या लावल्या, जादा तासांचा पगार दिला, आणि तीन महिन्यांनी पुन्हा विचार करू असे कागदावर लिहून लावले. कुरबुर अगदी थांबली असे म्हणत नाही, पण निभावले.

तो माणूस पुढे दीड वर्ष कामावर येत होता. कधी महिनाभर खाडा, मग पुन्हा हजर. शेवटी आजार जिंकला. त्याची पत्नी हिशेब घ्यावयास आली तेव्हा हजेरीपटावर त्याचे नाव तसेच होते. तिने त्यावरून बोट फिरवले आणि म्हणाली, "शेवटपर्यंत कामावर होते म्हणून सांगता येईल मुलांना." त्या नावावरही रेघ मलाच ओढावी लागली. पण ती रेघ आणि १९९१ सालची रेघ एक नव्हे.

आता आपल्याकडे वळते. विमा, भत्ता, संहिता हे सारे कारखान्यांसाठी झाले. आपल्या घरी धुण्याभांड्याला येणारी बाई, लावणीला येणारी मजुरीण, फार्महाउसवर साफसफाई करणारी आपली पोरगी, यांच्या आजारपणाचे काय? उपचाराची सोय आता पूर्वीपेक्षा बरी आहे. महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेत २०२४ पासून कुटुंबामागे वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतचे उपचार राज्यातल्या सर्व शिधापत्रिकाधारकांसाठी खुले झाले. पण बुडालेला रोज कोणती योजना भरून देते? तो तिच्या मालकिणीच्या मनावर असतो. आणि मालकीण म्हणजे आपणच. चार दिवस आली नाही की आपण दुसरी बघतो. मीही बघितलेली आहे.

म्हणून मसाला केंद्रासाठी काही नियम आजच करावेत अशी माझी सूचना आहे. आज केंद्रातली कोणी बाई मोठ्या आजाराने आजारी नाही, हे आपले भाग्य. आणि नियम करण्याची वेळही हीच. एकदा कोणी आजारी पडली की नियमाला तिचा चेहरा चिकटतो. मग तिची आवडनिवड, तिचे घर, तिची जात, तिचे जुने भांडण, सारे त्या चर्चेत येते.

पहिला नियम: आजाराचे नाव फक्त चिटणीसबाईंना कळावे. वहीत एवढेच लिहावे, "आजारी रजा". मंडळाच्या व्हॉट्सअॅपच्या गटावर "अमकीसाठी प्रार्थना करा" असेही तिला विचारल्याशिवाय टाकू नये. ती प्रार्थना गावभर जाते.

दुसरा: डॉक्टरांकडून एवढेच लिहून आणावे की कोणते काम चालेल, कोणते नाही, आणि केव्हापर्यंत. जिला दम्याचा वा छातीचा त्रास आहे तिला मिरचीच्या कांडपापाशी बसवू नये; ती पुड्या मोजील, लेबले लावील, हिशेब लिहील. खाण्याच्या मालापासून काही दिवस दूर राहावे असे डॉक्टर म्हणाले तर तिने दूर राहावे, पण अर्धा रोज तिच्या घरी पोहोचवावा.

तिसरा: सहा महिने तिचे नाव वहीतून काढू नये. बदली बाई घ्यावी, आणि तू बदली आहेस हे तिला पहिल्याच दिवशी स्पष्ट सांगावे, म्हणजे तिचीही फसवणूक नको.

चौथा: किलोमागे दोन रुपये बाजूला टाकावेत. चिटणीसबाई सांगतात की महिन्याला साडेतीनशे किलो मसाला जातो. म्हणजे महिन्याचे ७०० आणि वर्षाचे ८,४०० रुपये. चारशेच्या रोजाचा अर्धा रोज दोनशे धरला तर एका बाईला ४२ दिवस पुरेल. फार नाही, हे मलाही कळते. दोघी एकदम पडल्या तर एकवीस-एकवीस दिवस. पण आज आपल्याकडे एकही दिवस नाही.

पाचवा: तिचे काम ज्या करतील त्यांच्यात पाळ्या लावाव्यात आणि जादा कामाचे पैसे द्यावेत. दयेवर काम ढकलू नये.

आणि सहावा मी नियम म्हणून मांडत नाही, कारण तो वहीत लिहून होत नाही. ती परत येईल त्या दिवशी कोणीतरी एकीने तिच्या शेजारी बसून डबा उघडावा.

त्या १९९१ सालच्या बाईची आणि माझी गाठ पुढे कर्जतच्या बाजारात पडली. ती भाजी घेऊन बसली होती. प्रकृती चांगली, केस पांढरे झालेले. मी तिच्यापुढे बसले आणि चिठ्ठीची गोष्ट मीच फोडली होती हे तिला सांगितले. ती म्हणाली, "मला तवाच कळलं व्हतं, बाई. तुमच्याबिगर कुणाला ठावं व्हतं?" मग मेथीच्या जुड्या नीट लावीत म्हणाली, "रोगानं नाय गेली माझी नोकरी. तो तर सा महिन्यात गेला. नोकरी गेली ती त्या पेल्यापायी." त्या वर्षी पगार नव्हता म्हणून थोरल्या मुलीची शाळा सुटली, ती पुन्हा सुरू झाली नाही, हेही तिने सांगितले. माझ्याकडून तिने भाजीचे पैसे घेतले, एक जुडी वर घातली आणि पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळली. क्षमा केली की नाही हे मला कळले नाही, आणि विचारण्याचा मला अधिकारही नव्हता.

भगिनींनो, त्या मुलीची शाळा मी परत आणू शकत नाही. पण आपल्या केंद्रात येणाऱ्या अकराजणींच्या मुली आज शाळेत आहेत. मी येथे पाहुणी आहे. मी सूचना केली, ठराव करावयाचा तो आपण. आजच्या सभेत करता आला तर उत्तम, नाहीतर पुढच्या मासिक सभेच्या विषयपत्रिकेवर तो पहिला घ्यावा, एवढी माझी अध्यक्षबाईंना विनंती आहे.